घोंगडीखालची ठिणगी

आप्पांचं काम बघायला गेलं की आप्पा दिसत नसत. दिसायची एक काळी घोंगडी, तिच्याखाली काहीतरी मोठं उंचवट्यासारखं, आणि एका कडेनं बाहेर आलेली दोन अनवाणी पावलं. मग आतून आवाज यायचा, "फिरव." ज्याच्या हातात यंत्र फिरवायची दोरी असेल तो ओढायचा. पुन्हा आवाज, "आणि एकदा." मग बराच वेळ काहीच नाही. नवखा माणूस हसायचा. आम्ही अनगोळची माणसं हसत नव्हतो, कारण घोंगडी बाजूला झाली की यंत्र चालू होतं हे आम्ही पाहिलेलं होतं.

त्यांचं नाव तवनाप्पा. निपाणीकडचे जैन. तरुणपणी निपाणी-बेळगाव रस्त्यावरच्या एका सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे उतारूंच्या बसवर, ते कामाला होते आणि तिथंच मॅग्नेटो शिकले. पुढं बेळगावात आले, अनगोळात माझ्या खोलीला लागून पत्र्याची एक शेड घेतली आणि बंगल्यांच्या बागांतली यंत्रं दुरुस्त करू लागले. त्या काळी कॅम्पातल्या साहेबांच्या आणि गावातल्या दोन-चार बड्या वकिलांच्या बागेत गवत कापायची पेट्रोलची यंत्रं असत. साहेब त्यांना मोवर म्हणायचे, माळी गवताचं इंजिन म्हणायचे. पेट्रोल असूनही ती चालत नसत तेव्हा दोष बहुतेक वेळा ठिणगीत असायचा. ठिणगी पाडणारा भाग म्हणजे मॅग्नेटो. मुठीत मावेल न मावेल एवढी डबी. बेळगावात पेट्रोलची नळी साफ करणारे पुष्कळ होते. ती डबी उघडणारे आप्पा एकटे.

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. आप्पांना मराठी आणि कानडी वाचता यायचं, इंग्रजी नाही. यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तकं ते माझ्याकडं आणायचे. मी वाचून अर्थ सांगायचा, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. बंगल्यात कामाचा कागद द्यावा लागे तोही ते मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायची. त्यामुळं ज्या यंत्राला मी कधी हात लावला नव्हता त्याच्या पोटात काय असतं हे मला पाठ झालं. मॅग्नेटोच्या आत दोन बारीक टोकं असतात. आप्पा त्यांना ओठ म्हणायचे. चाक फिरतं तसे ते ओठ मिटतात आणि उघडतात, आणि उघडण्याच्या क्षणी तिकडं वर प्लगच्या तोंडाशी ठिणगी पडते. ओठांमध्ये कचरा आला की ठिणगी नाही. सगळं शास्त्र एवढंच, असं ते म्हणायचे. ते तेवढंच नव्हतं, हे मला पुस्तकातून कळत होतं.

घोंगडीही त्या पुस्तकातूनच आली. एका पानावर लिहिलं होतं की वायरीतून ठिणगी गळते का ते अंधाऱ्या खोलीत बघावं. मी वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "अंधारी खोली बंगल्याच्या बागेत कुठनं आणू? आणि अंधार पडस्तवर थांबाय मला जमत न्हाई."

ते खरं होतं. सूर्य मावळल्यावर ते जेवत नसत. पाणीसुद्धा नाही. त्यामुळं दिवस कलला की हत्यारं गोळा करून घराकडं निघायचे. साहेब असो, वकील असो, यंत्र उघडं पडलेलं असो. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत न्यायला आले तेव्हा खांद्यावर घोंगडी होती.

"ही बघा बाई तुमची अंधारी खोली," ते म्हणाले.

पेट्रोलचा डबा मात्र आधी दहा पावलं लांब ठेवायचा, टाकीचं तोंड बंद करायचं, सांडलेलं पुसायचं, वास जाऊ द्यायचा, मगच घोंगडी. एकदा वास जायची वाट न बघता आत शिरले होते. डावी भुवई जळली ती अर्धी पुन्हा उगवली नाही. कुणी विचारलं तर भुवईवर बोट ठेवून म्हणायचे, "ही घाईची."

यंत्र उघडण्याआधी ते स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं त्यावर तीनदा टकटक करायचे आणि थांबायचे. गवतात फिरलेल्या यंत्रात मुंग्या असतात, किडे असतात. त्यांना बाहेर पडायला वेळ द्यायचा. दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघायचं तेही पात्यांची साखळी काढून. पाती फिरायची नाहीत, नुसतं इंजिन धडधडायचं. "मी चालतंय का बघतो. कापायचं काम तुमचं," असं माळ्याला सांगायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, तुम्ही दुरुस्त करता म्हणूनच ते कापतं ना?" ते म्हणाले, "व्हय. ते हाय." आणि हत्यारं पुसत राहिले. उत्तर नसेल तर ते शोधून काढायचे नाहीत. मला हे बरं वाटायचं.

तिसरी सवय स्क्रूंची. मॅग्नेटोच्या झाकणाला तीन स्क्रू असत. बसवताना आप्पा तिन्हींच्या खाचा अगदी उभ्या ठेवायचे, एका रेषेत. पुढच्या वेळी आले की आधी खाचा बघायच्या. एखादी तिरपी असेल तर मध्ये कुणी झाकण उघडलं होतं हे कळायचं.

एका वकिलांचं यंत्र दहा मिनिटं चालून बंद पडायचं. दोघा-तिघांनी प्लग बदलले होते. आप्पा गेले, यंत्र चालू केलं आणि शेजारी गवतावर बसून राहिले. बंद पडलं की घोंगडी घेऊन आत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वकीलसाहेब व्हरांड्यातून म्हणाले, "अहो तवनाप्पा, नुसतं बसून काय होणार? काय झालंय ते तरी सांगा!"

"अजून मला कळलं न्हाई. कळल्याबगार कसं सांगू?"

"अंदाज तरी?"

"अंदाज माझ्याजवळ ठेवतो की साहेब. तो चुकला तर तुम्हाला तरास."

तिसऱ्या दिवशी सापडलं. आतली तारेची गुंडाळी गार असताना ठीक असायची आणि तापली की ठिणगी सोडायची. हे मी एवढ्यासाठी सांगते की न बघता बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता. बारा-तेरा वर्षांच्या शेजारात त्यांनी तो मोडलेला मी एकदाच पाहिला.

ते बेचाळीस साल. तारा तोडल्या जात होत्या, पोस्टं जळत होती, कॅम्पातल्या प्रत्येक नोकराकडं साहेब दोनदा बघत होते. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर सिद्राम नावाचा माळी होता. येळ्ळूरचा. रोज चालत यायचा, चालत जायचा. बंगल्यातलं गवताचं यंत्र त्याच्या ताब्यात होतं आणि तो त्याला जनावरासारखं जपायचा. आप्पांनी त्याला एकदा दम दिला होता, "ह्या झाकणाला हात लावायचा न्हाई. ह्या यंत्राचा जीव हितं हाय." सिद्रामनं मान डोलावली होती.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्या बंगल्यावर मोठा साहेब चहाला यायचा होता. आदल्या दिवशी यंत्र चालेना. आप्पांना बोलावणं आलं तेव्हा उन्हं उतरली होती. घोंगडी शेडमध्येच राहिली. ते गेले, वाकले, झाकणाकडं बघितलं. दोन खाचा उभ्या, एक तिरपी.

बंगल्याचा हेडक्लार्क शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, "काय झालंय?"

आप्पा म्हणाले, "कुणीतरी आत हात घातलाय." आणि उद्या सकाळी येतो असं सांगून घरी जेवायला आले.

क्लार्कनं ते वाक्य इंग्रजीत साहेबाला सांगितलं. साहेबानं सिद्रामला बोलावून विचारलं, झाकण उघडलंस का? सिद्रामला आप्पांचा दम आठवला. तो म्हणाला, "न्हाय साहेब." यंत्र मुद्दाम बिघडवलं असं ठरायला तेवढं पुरलं. अंधार पडायच्या आत पोलीस त्याला घेऊन गेले.

सकाळी त्याची बायको पारू येळ्ळूरहून चालत आप्पांच्या दारात आली. मी शाळेला निघत होते. ती रडत नव्हती. पदर कमरेला खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही काय सांगिटलासा साहेबाला? माझ्या दाल्ल्यानं काय मोडलंय ते मला दावा. मोडलं असंल तर मी गप घरला जातो."

आप्पांनी घोंगडी उचलली आणि चपला न घालता चालू लागले.

दुपारी ते शाळेत आले. आजवर कधी शाळेत आले नव्हते. चिंचेखाली उभे राहिले आणि रुमालाची गाठ सोडून माझ्यासमोर धरली. आत कापसाचा बोळा होता. पिवळा.

"हळद हाय, बाई."

बाकीचं त्यांना पारूकडून कळलं होतं. खंडेनवमीला सिद्रामनं यंत्र धुतलं होतं, पुसलं होतं. खुरपं, कात्री, पाण्याची झारी यांच्या ओळीत मांडलं होतं. सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. मग यंत्राचा जीव जिथं आहे तिथंही लावायला पाहिजे म्हणून तीन स्क्रू काढले आणि तेलात कालवलेली हळद बोटानं अगदी त्या दोन ओठांवर लावली. ती वाळून तिचा ओठांवर पापुद्रा धरला होता. ओठ मिटत होते, पण एकमेकांना लागत नव्हते.

मी म्हटलं, "सुटलो. लिहून देऊ. दमट हवेनं बिघाड झाला असं लिहू. कुणाचंच नाव यायला नको."

"पाऊस थांबून पंधरा दिस झालं बाई."

"त्या साहेबाला काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळत. यंत्र उघडून दाव म्हणाला तर ओल कुठनं दावू? हळद हाय तर हळद लिवा. कुणी लावली, का लावली, सगळं लिवा."

मी लिहिलं. मजकूर संपला असं मला वाटलं. ते म्हणाले, "आता म्होरं लिवा. काल मी जे बोललो ते झाकण न उघडता बोललो. ते माझं चुकलं."

"ते कशाला? तुम्ही खोटं थोडंच बोललात? हात घातला होताच की त्यानं. आणि असं लिहून दिलंत तर कॅम्पातलं काम जाईल."

आप्पांनी रुमालाची गाठ पुन्हा मारली. मग म्हणाले, "तीन इस्क्रू, बाई. काढाय किती येळ लागला असता? पर दिस बुडाय लागलावता. माझं ध्यान भाकरीकडं हुतं. लिवा."

मी लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार छोटं झालं.

कागद वाचून साहेबाला पटेना. हळदीनं यंत्र कसं बंद पडेल? त्यानं समोर करून दाखवायला सांगितलं, आणि सांगायला कुणी इंग्रजी जाणणारं हवं म्हणून मी गेले. गवत तोवर बायकांनी विळ्यांनी कापलेलं होतं आणि चहापानही उरकलं होतं. त्या यंत्राची आता कुणाला गरज नव्हती. ते फक्त सिद्रामसाठी उघडलं जात होतं.

आप्पांनी तीनदा टकटक केली आणि थांबले. साहेबानं विचारलं, हा काय करतोय? मी सांगितलं, मुंग्या बाहेर पडायची वाट बघतोय. 

मग आप्पांनी घोंगडीचं एक टोक उचलून साहेबापुढं धरलं आणि मला म्हणाले, "साहेबाला आत या म्हणावं. भाइरनं दिसायची न्हाई." मी सांगितलं. क्लार्कच्या तोंडावरचा रंग उडाला. साहेबानं टोपी काढून क्लार्कच्या हातात दिली, गुडघे टेकले आणि आत डोकं घातलं. घोंगडीच्या एका कडेनं पॉलिश केलेले बूट आणि त्यांच्या शेजारी आप्पांची फुटलेली पावलं.

"फिरवा बाई," आतून आवाज आला. मी दोरी ओढली. आत निळी ठिणगी पडली असणार, कारण साहेब काहीतरी म्हणाला. मग आप्पांनी घरून आणलेली हळद तेलात कालवून ओठांवर लावली आणि वाळू दिली. तेवढा वेळ साहेब गवतावर बसून राहिला. परत घोंगडी. मी ओढली. आतून कुणीच काही बोललं नाही. आणखी तीनदा ओढली. मग आप्पांनी हळद पुसली आणि मी पुन्हा ओढली. घोंगडीतून साहेबाचा आवाज आला. तो म्हणाला, बरोबर आहे.

बाहेर येऊन साहेबानं आप्पांच्या हाताला हात लावला. आप्पा एवढंच म्हणाले, "त्याला कवा सोडताय विचारा."

सिद्राम बाराव्या दिवशी सुटला. डाव्या कानानं त्याला ऐकू येईनासं झालं होतं. तो कान कसा गेला हे त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बंगल्यानं त्याला परत घेतलं नाही. त्या बंगल्यातून आप्पांनाही पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि हळूहळू आजूबाजूच्या बंगल्यांतूनही थांबलं.

तो सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा येळ्ळूरला गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्हीच म्हणालतासा जीव हितं हाय म्हणून. मग हळद हितं लावाय नगो व्हय?" मग म्हणाले, "खरं हाय त्याचं."

"आणि?"

"आणि काय न्हाई. दार लावून घेतलंन."

मी आमच्या मुख्याध्यापिकेशी बोलून सिद्रामला शाळेच्या बागेवर लावून घेतलं. तो रोज आमच्या गल्लीतून जायचा. शेडपाशी आला की मान दुसऱ्या बाजूला. आप्पा दारात बसलेले असायचे. हाक मारायचे नाहीत, पण तो पुढं जाईपर्यंत हातातलं काम थांबायचं. असं पाच वर्षं चाललं. पारू मात्र येता-जाता उभी राहून त्यांच्याशी चार शब्द बोलायची.

आप्पांच्या कामाची रीतही बदलली. पूर्वी दुरुस्ती झाल्यावर काय बिघडलं होतं ते समजावून सांगायचे. आता नुसतं यंत्र चालू करून द्यायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चालतंय न्हवं?" पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तेही थांबलं. घोंगडी शेडच्या खुंटीवर लटकत राहिली.

सत्तेचाळीस साली साहेब लोक गेले. त्यांच्या बंगल्यातलं सामान विकलं गेलं तेव्हा आमच्या शाळेच्या एका विश्वस्तांनी गवताचं एक यंत्र घेऊन शाळेला दिलं. तेच होतं. सिद्रामनं ते लगेच ओळखलं आणि त्याला हात लावला नाही. विश्वस्तांनी बोलावलेल्या एका मेकॅनिकनं दिवसभर खटपट केली. यंत्र चाललं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या त्या आप्पांना बोलवा."

मी म्हटलं, "त्यांना आता दिसत नाही."

"विचारून तर बघा."

मी विचारलं. आप्पांनी खुंटीवरून घोंगडी काढली.

दुपार सरली होती. त्यांनी यंत्राला तीनदा टकटक केली, थांबले. मग अंगठ्याच्या नखानं झाकणाच्या तिन्ही स्क्रूंच्या खाचा चाचपल्या. काय कळलं ते बोलले नाहीत. झाकण काढलं, ओठ पुसले, प्लग काढून यंत्राच्या अंगाला टेकवून ठेवला. घोंगडी पसरली आणि थांबले.

"बाई, ठिणगी मला दिसायची न्हाई. कुणीतरी बघाय पायजे."

"मी बघते."

"तुम्ही दोरी वढा. सिद्राम हाय न्हवं हितं?"

सिद्राम दहा पावलांवर जास्वंदीला पाणी घालत होता. त्यानं ऐकलं नसावं. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं. तो झारी खाली ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग आला आणि यंत्राशी बसला. आप्पा उठले आणि यंत्राला वळसा घालून पलीकडं जाऊन बसले. ते असं का करताहेत हे मला क्षणभर कळलं नाही. सिद्रामचा चांगला कान त्या बाजूला होता.

दोघं घोंगडीखाली गेले.

"फिरवा."

मी ओढली.

"काय दिसतंय?" आप्पांचा आवाज.

सिद्राम काहीच बोलला नाही.

"आणि एकदा फिरवा, बाई."

मी ओढत राहिले. सहा वेळा, सात वेळा. माझे खांदे भरून आले.  ऊन शाळेच्या कौलांवर चढलं आणि तिथूनही गेलं. आप्पांच्या जेवणाची वेळ टळत होती. मी वाकून म्हटलं, "आप्पा, दिवस बुडतोय. उद्या बघू."

"बुडू दे," घोंगडीतून आवाज आला. मग हळू, पण बहिऱ्या माणसाशी बोलताना येतो तेवढा मोठ्यानं, "सावकाश बघ रं सिद्राम. मला घाई न्हाई."

मी ओढत राहिले. बाहेरही आता झाकोळलं होतं.

"आप्पा," सिद्राम म्हणाला. पाच वर्षांत मी त्याच्या तोंडून ती हाक ऐकली नव्हती. "तोंडाशी ठिणगी न्हाय. वायरीतनं गळतीया. हितं, वाकल्याजागी. आणा बोट. हितं."

आप्पांनी नक्की का म्हणून विचारलं नाही. पुन्हा फिरवायलाही सांगितलं नाही. "बरं," म्हणाले, आणि घोंगडीखालीच सिद्रामनं दाखवलेल्या जागी वायर कापली. फुटका तुकडा टाकून दिला, राहिलेली वायर नीट जोडली. प्लग बसवला. साखळी काढली. मी ओढली आणि इंजिन लागलं. पाती स्तब्ध, नुसतं इंजिन धडधडत राहिलं. सिद्राम त्याच्याकडं बघत उभा होता. आप्पांनी झाकण बसवलं आणि नखानं चाचपत तिन्ही खाचा उभ्या केल्या.

सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. आप्पा घोंगडी खांद्यावर टाकून निघाले आणि पायरीला अडखळले. सिद्रामनं झारी जागेवर ठेवली, हात धुतले आणि त्यांच्या मागं गेला. गेटपाशी त्यानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना आपल्या उजव्या अंगाला घेतलं. मी फाटक लावायला थांबले होते. अनगोळच्या वळणापर्यंत दोघं दिसत होते. बोलत होते की नव्हते ते एवढ्या लांबून कळलं नाही.

घरी भाकरी झाकून ठेवलेली असणार. ती त्या रात्री तशीच राहिली असेल.